बत्तीस क्लिक

वहिनीच्या गाडीचा पुढचा उजवा शॉक, म्हणजे खड्ड्यांचे धक्के जिरवणारी नळी, तेल गाळायला लागला, तेव्हा धाकट्याने त्यावर फडकं मारलं आणि म्हणाला, "बघू." त्याच्या गॅरेजमध्ये 'बघू' म्हणजे अजून एखादा महिना निघेल. पण शर्यतीचा तपासनीस त्याच्याही वरताण निघाला. त्याने बॅटरी लावून मडगार्डाखाली डोकं घातलं, बोट फिरवून काळं तेल वर काढून दाखवलं आणि वहिनीच्या हातात चिठ्ठी ठेवली. या शॉकवर पुढच्या वेळी गाडी सोडली जाणार नाही.

धाकट्याने चाळिशी गाठली होती, डोक्यावरचे केसही बरेचसे रजा घेऊन गेले होते, तरी घरात तो धाकटाच. थोरला भाऊ म्हणजे दादा शाळेत चित्रकला शिकवायचा. आणि दादाची बायको, वहिनी, रुग्णालयात एक्स-रे काढायची. आठवडाभर ती लोकांना "श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका" असं सांगायची आणि दोन-तीन महिन्यांतून एखाद्या रविवारी स्वतः डोंगराच्या बंद रस्त्यावर आपली दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार घेऊन अकरा वळणं चढायची. एका वेळी एकच गाडी, खाली सुरुवात, वर शेवट, मध्ये फक्त घड्याळ. गाडी अठरा वर्षांची, छप्पर कापडी, पण मागच्या चाकांवर चालणारी आणि हलकी. वहिनीने ती स्वतःच्या कमाईतून घेतली होती. तिच्यात ती बसली की चाळीस-पंचेचाळीसची बाई दिसायची नाही, एकदम शाळा चुकवलेल्या पोरीसारखी दिसायची.

तर एका सोमवारी सकाळी वहिनी गॅरेजमध्ये आली आणि बाकावर तीन कागद ठेवले. तीन प्रकारच्या सेटची माहिती होती. शॉक आणि स्प्रिंग एकत्र, उंचीही कमी-जास्त करता येणार, कडकपणाही.

"नुसते साधे शॉक बसवले तर तपासनीस गप्प बसेल," ती म्हणाली. "पण तिसऱ्या वळणावर गाडी कलंडते ती कलंडणारच. म्हणून बदलता येणारे हवेत. पैसे एवढेच आहेत." तिने रक्कम सांगितली. ती ऐकून मोठ्या दुकानात कुणी पाणीही विचारलं नसतं. "भाऊजी, तुम्ही सांगाल तो. मी यात डोकं चालवणार नाही."

ती ड्यूटीवर गेली आणि धाकटा कागद घेऊन बसला. एक सेट तर रकमेच्या पार बाहेरचा, तो त्याने बाजूला सारला. दुसरा सोनेरी, चकचकीत, बत्तीस क्लिक. म्हणजे शॉकच्या डोक्यावरची चावी बत्तीस टप्प्यांत फिरवता येणार. स्वस्त इतका की संशय यावा. स्प्रिंग किती ताकदीची, ते कुठे लिहिलेलंच नाही. तिसरा राखाडी, दिसायला अगदी सरकारी कपाटासारखा. क्लिक फक्त चौदा. पण स्प्रिंगची ताकद छापलेली, उंची वेगळी आणि स्प्रिंगचा दाब वेगळा बदलता येणारा, आणि बिघडला तर उघडून दुरुस्त करणारा दुकानदार याच शहरात. धाकट्याने त्या दुकानदाराला फोनही केला. एक सेट शिल्लक होता. रकमेत जेमतेम बसत होता. त्याने मनाशी ठरवून टाकलं, संध्याकाळी वहिनीला हाच सांगायचा.

दुपारी दादा आला.

दादा गॅरेजमध्ये कधी यायचा नाही. तेलाच्या वासाने त्याचं डोकं धरायचं. त्या दिवशी तो मधल्या सुट्टीत आला होता, नखांत निळा रंग तसाच. बसला नाही. खिशातून फोन काढून धाकट्यासमोर धरला. गेल्या वर्षीची शर्यत, कुणीतरी वळणावर उभं राहून टिपलेली. वहिनीची गाडी तिसऱ्या वळणात शिरते, बाहेरच्या बाजूला झुकते, आतलं मागचं चाक जमिनीवरून उचललं जातं, गाडी आडवी घसरते आणि रस्ता संपतो तिथे, अगदी काठावर, थांबते.

"हे मी किती वेळा बघितलंय, ठाऊक आहे?" दादा म्हणाला. "रोज. वर्गात मुलं चित्रं काढत असतात आणि मी हे बघत असतो."

"तिला सांग ना मग."

"सांगून झालं. ती म्हणते, तुला गाडीतलं काय कळतं. खरंच आहे, नाही कळत. तुला कळतं. तुझा शब्द ती खाली पडू देत नाही." दादाने फोन खिशात घातला. "तिला म्हण, या पैशात धड असं काही मिळत नाही. वर्षभर थांब. एवढंच."

"खोटं बोलू?"

"खोटं कसलं? स्वस्तातला माल वाईटच असतो की. तूच म्हणतोस सतत."

धाकट्याच्या तोंडावर आलं होतं की एक सेट चांगला आहे, मी आत्ताच फोन केला. पण दादाचा चेहरा बघून ते आत गेलं. वडील गेल्यावर दादाने स्वतःचं शिक्षण अर्ध्यावर ठेवून त्याला यंत्रकामाच्या शाळेत घातलं होतं आणि त्याचा उच्चार कधी चुकूनही केला नव्हता. त्या माणसाने आजवर त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. आज मागत होता, तेही उभ्याउभ्या, मधल्या सुट्टीत.

"बघतो," धाकटा म्हणाला.

संध्याकाळी वहिनी आली तेव्हा तो मुद्दाम एका गाडीखाली आडवा पडला होता. समोरासमोर खोटं बोलण्यापेक्षा गाडीखालून बोलणं सोपं.

"वहिनी, या पैशात काही खरं नाही. सगळे एका माळेचे मणी. वर्षभर थांबा, पैसे साठवा, मग चांगला घेऊ."

त्याला फक्त तिचे बूट दिसत होते.

"एकही नाही?"

"एकही नाही."

"राखाडीसुद्धा?"

"तोसुद्धा त्यातलाच."

बूट थोडे थांबले. मग कागद उचलल्याचा आवाज झाला. "बरं," ती म्हणाली आणि गेली. धाकटा बराच वेळ तसाच पडून राहिला. डोळ्यात माती गेली होती, ती काढायचंही त्याला सुचलं नाही. पण सुटलो, असं त्याला वाटलं. हात दाखवून अवलक्षण कशाला म्हणतात, ते त्याला दोन दिवसांनी कळणार होतं.

बुधवारी दुपारी वहिनी खोकं घेऊन आली. बाकावर ठेवून तिने स्वतःच कात्रीने पट्टी कापली. आत सोनेरी सेट.

धाकट्याने हातातला पाना खाली ठेवला. "हा का घेतलात?"

"तुम्हीच म्हणालात ना, सगळे सारखेच वाईट. मग त्यातला स्वस्त घेतला. शर्यत पुढच्या रविवारी आहे. वर्षभर मी थांबणार नाही, भाऊजी. वर्षभराने गुडघे काय म्हणतील कुणास ठाऊक." ती हसली. "आणि रंग बरा आहे."

तिचा हिशोब चोख होता. पायाच त्याने खोटा घातला होता.

ती समोर असतानाच त्याने एक शॉक उभा धरला, चावी पहिल्या क्लिकवर ठेवून दांडा पूर्ण दाबला आणि सोडला. दांडा सावकाश वर येतो, त्याला किती वेळ लागतो त्यावरून कडकपणा कळतो. त्याने मोजलं. मग दहावा क्लिक. तेवढाच वेळ. विसावा. तेवढाच. पंचविसाव्यापर्यंत काहीच बदललं नाही, आणि मग एकदम शेवटच्या चार-पाच क्लिकमध्ये सगळा फरक. दुसरा शॉक घेतला. एकाच क्लिकवर डावा चार सेकंदांत वर येत होता आणि उजवा अडीचमध्ये.

"बत्तीस क्लिक नुसते आवाजाचे आहेत," तो म्हणाला. "कामाचे पाच. आणि डावा-उजवा एकमेकांशी बोलत नाहीत. वळणात गाडी एकीकडे एक वागेल, दुसरीकडे दुसरं. सोन्याची सुरी म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही, वहिनी. परत पाठवा."

"आणि काय घेऊ?"

इथे त्याची जीभ अडली. राखाडी म्हणावं, तर परवाचं खोटं उघडं पडणार. नाही म्हणावं, तर हाच बसणार. इकडे आड, तिकडे विहीर.

"साधे शॉक घाला," तो म्हणाला.

वहिनीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. एक्स-रेची फिल्म उजेडाला धरून बघावी तसं. "परवा सगळे वाईट होते. आज हाच वाईट. भाऊजी, तुम्हाला मी शर्यतीत नको आहे का? तसं असेल तर सरळ सांगा."

"तसं नाही."

"मग बसवा. तुम्हाला बसवायचा नसेल तर मी शेजारच्या टायरवाल्याकडे नेते. तो प्रश्न विचारत नाही."

टायरवाला प्रश्न विचारत नव्हता आणि नटही नीट आवळत नव्हता. धाकट्याने विचार केला, बसणारच आहे तर आपल्या हातून बसू दे. डावा-उजवा जमेल तितका जुळवू, उंची फार खाली नेणार नाही, आणि शुक्रवारी खाणीच्या रस्त्यावर चाचणी घेताना मीच शेजारी बसून बघेन. काही गडबड वाटली की तिथल्या तिथे थांबवू. माणूस स्वतःला कसं पटवतो, याला सीमा नाही.

गुरुवारी त्याने दिवसभर दुसरं काम घेतलं नाही. स्प्रिंग ज्या रिंगवर बसते ती रिंग आणि तिला जागेवर धरून ठेवणारी खालची रिंग, दोन्ही हलक्या धातूच्या होत्या. दोन पाने लावून आवळताना त्याच्या मनगटाला एक गोष्ट जाणवली. आटे घट्ट होत होते, पण शेवटी जो एक ठाम अडथळा लागायला हवा तो लागत नव्हता. लोण्यात पेच फिरवल्यासारखं. तो थांबला. पुन्हा आवळलं. खुणेसाठी पांढऱ्या रंगाची रेघ ओढली. दादाला फोन लावला आणि पहिल्याच रिंगला तोडून टाकला. काय सांगणार होता? तुझ्या शब्दासाठी मी खोटं बोललो, आता ते उलटतंय?

शुक्रवारी वहिनीची सुट्टी होती. सकाळी दहाच्या सुमाराला दोघं खाणीच्या रस्त्यावर गेले. खाण बंद पडून काही वर्षं झाली होती. रस्ता रुंद, डांबर बरं, आणि एकामागे एक पाच वळणं. शेवटच्या वळणाला बाहेरच्या बाजूला खडी आणि खडीपलीकडे पाणी साचलेला खड्डा, चांगला दोन मजले खोल.

पहिली फेरी सावकाश. वहिनी खूश. "अहो, कलंडत नाही! बघा, सपाट जाते."

धाकटा उतरून चारी चाकांपाशी वाकून आला. पांढऱ्या रेघा जागेवर होत्या. निदान तीन चाकांच्या. पुढच्या डाव्याची त्याला केसभर सरकल्यासारखी वाटली. पण रेघ त्यानेच जाड ओढली होती, नक्की सांगता येईना.

"थांबू या का थोडं?"

"एकच फेरी. जरा जोरात. मग तुम्ही म्हणाल ते."

तो आत बसला. पट्टा आवळला. इथेच आपण बोलायला हवं होतं, असं तो नंतर कितीतरी दिवस म्हणत राहिला.

पहिली तीन वळणं गाडीने कापली ती सुरेख. वहिनीचे हात शांत होते, श्वास एकसारखा. चौथ्या वळणातून बाहेर पडताना डाव्या बाजूने एक बारीक 'टक' ऐकू आला. धाकट्याची मान वळली. "वहिनी, सोडा," तो म्हणाला, "पाय सोडा..." आणि तेवढ्यात पाचवं वळण आलं. उजवीकडचं. सगळं वजन डाव्या पुढच्या चाकावर.

धाडकन आवाज झाला. डावा कोपरा पायरी चुकल्यासारखा खाली बसला, टायर मडगार्डाला घासलं, रबराचा धूर आत घुसला आणि स्टिअरिंगने वहिनीच्या हातांना असा हिसका दिला की तिचा एक हात सुटला. गाडी सरळ खडीकडे निघाली. धाकट्याला समोर पाणी दिसलं. हिरवट, अगदी स्तब्ध. वहिनीने ब्रेक पूर्ण दाबला नाही. दाबला असता तर गाडी फिरली असती. तिने दाबला, सोडला, दाबला, सोडला, आणि एका हाताने स्टिअरिंग जेवढं वळेल तेवढं वळवून ठेवलं. खडी खालून गोळ्यांसारखी वाजत राहिली. मग गाडी थांबली.

इंजिन बंद पडलं होतं. समोरच्या बाजूने दोन-तीन खडे घरंगळत गेले आणि काही क्षणांनी खाली पाण्यात पडल्याचा आवाज आला.

"माझ्याकडे बघा," वहिनी म्हणाली. तिचा आवाज रुग्णालयातला होता. "श्वास घ्या. छातीत दुखतंय? मान दोन्हीकडे वळवा. बोटं हलवा."

त्याने हलवली. दहाही हलत होती.

"माझ्या बाजूने उतरा. तुमच्या बाजूला जमीन कमी आहे."

दोघं उतरले. धाकटा चाकापाशी बसला. दोन्ही रिंगांचे आटे सपाट झाले होते आणि त्या तीन बोटं खाली घसरल्या होत्या. स्प्रिंग मोकळी होऊन तिरकी पडली होती. डाव्या चाकापासून काठ वीतभर. वीतही मोठ्या माणसाची नव्हे.

तो तिथेच खडीवर बसला. "वहिनी," तो म्हणाला, "राखाडी सेट चांगला होता."

ती धूर निघणाऱ्या टायरकडे बघत होती. तिने मान वळवली नाही.

"मी सोमवारीच दुकानदाराला फोन केला होता. तुमच्या पैशात बसत होता. संध्याकाळी तुम्हाला तोच सांगणार होतो. दुपारी दादा आला." मग त्याने सगळं सांगितलं. फोनमधली फीत, मधली सुट्टी, गाडीखालून बोललेलं खोटं, बुधवारी अडलेली जीभ, काल लोण्यासारखा फिरलेला पेच. एक शब्द राखून ठेवला नाही, की दादावर ढकलूनही दिलं नाही. "त्याने मागितलं. पण बोललो मी."

वहिनीने हेल्मेट काढलं, बॉनेटवर ठेवलं. ती त्याच्यापासून चार हातांवर खाली बसली.

"काल पेच फिरला तेव्हाही नाही बोललात," ती म्हणाली.

"नाही."

"आज ती रेघ हलली होती का?"

"मला वाटलं, हलली. नक्की नव्हतं."

"मी रोज चाळीस माणसं बघते, भाऊजी. कुणाच्या फोटोत काही शंका वाटली आणि मी 'नक्की नव्हतं' म्हणून गप्प बसले, तर मला कामावर ठेवतील का?"

टोइंगवाल्याला फोन लावून दोघं तासभर तिथे बसून राहिले. मधेच तिने आपली पाण्याची बाटली त्याच्याकडे सरकवली, पण बघितलं नाही.

गाडी गॅरेजमध्ये उतरत होती तेव्हा दादा आला. वहिनीनेच त्याला बोलावून घेतलं होतं. त्याने घासलेलं मडगार्ड बघितलं, टायरचा उडालेला तुकडा बघितला, आणि त्याचा चेहरा कोऱ्या कागदासारखा झाला.

"तुला लागलं का?" त्याने विचारलं.

"नाही. तुझ्या भावालाही नाही. ते माझ्या शेजारी बसले होते."

दादाने धाकट्याकडे पाहिलं. हे त्याच्या हिशोबातच नव्हतं.

"मी तुला वाचवायला म्हणून..." तो म्हणाला.

"माहीत आहे." वहिनी अजिबात ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं धाकट्याला वाटलं. "तुला भीती वाटते, हे मला तू सांगायचंस. दहा वेळा सांगायचंस. मी चिडले असते, भांडले असते. पण तू ती भीती भाऊजींच्या तोंडात घातलीस आणि वर तिला गाडीच्या ज्ञानाचं रूप दिलंस. मी ह्यांच्या शब्दावर जीव टाकून गाडीत बसते. तो शब्दच तू काढून घेतलास."

"मग आता सोड ना हे सगळं," दादाचा आवाज फुटला. "एवढं झालं, तरी?"

"ते मी ठरवेन. पण आधी मला खरं काय ते कळू दे."

दादा बाकाच्या टोकावर बसला आणि निळ्या नखांनी कपाळ चोळत राहिला. त्या नवरा-बायकोमध्ये आपलं बोट आपणच घातलं होतं, ते आता कसं काढावं धाकट्याला कळेना.

शनिवारी वहिनी त्याला घेऊन राखाडी सेटच्या दुकानात गेली. या खेपेला तिने 'तुम्ही सांगाल तो' म्हटलं नाही. काउंटरवर कोपरं टेकवून ती दुकानदाराला एकेक विचारत होती. एकाच क्लिकवर दोन्ही शॉक सारखे वागतात का, दाखवा. दुकानदाराने दाबून दाखवले, तिने घड्याळ लावून मोजले. रिंगा कशाच्या? पोलादाच्या. उंची कमी केली तर चाकाला वर जायला जागा किती उरते? तेल गळालं तर उघडून दुरुस्त करता का, आणि किती दिवसांत? रस्ता खराब असेल तर कितव्या क्लिकवर ठेवू? म्हातारा दुकानदार घामाघूम झाला आणि शेवटी धाकट्याकडे वळून म्हणाला, "या बाई गिऱ्हाईक आहेत की परीक्षक?"

धाकट्याला हसू आलं नाही. प्रत्येक प्रश्नाला ती आधी दुकानदाराचं उत्तर ऐकायची, मग त्याच्याकडे बघायची. तो मान हलवायचा. मग ती पुन्हा दुकानदाराकडे बघायची. दोघांचं जुळलं तरच पुढचा प्रश्न.

सोनेरी सेट विकणारा परत घ्यायला तयार नव्हता. एकदा बसवलेला माल म्हणे. त्यामुळे पैसे कमी पडत होते. "फरक मी भरतो," धाकटा म्हणाला. त्याला वाटलं होतं, ती नको-नको म्हणेल.

"भरा," वहिनी म्हणाली.

पुढचे पाच दिवस त्याने गाडी एकट्याने हाताळली नाही. तशी अटच होती. वहिनी ड्यूटी संपवून यायची, ओव्हरऑल चढवायची आणि प्रत्येक नट आवळताना शेजारी उभी राहायची. बुधवारी पोलादी रिंगा आवळताना शेवटी पान्याला जो ठाम अडथळा लागला, तो त्याने तिला स्वतःच्या हाताने घेऊन बघायला लावला. "हा असा लागायला हवा होता," तो म्हणाला. तिने पान्यावर सगळं वजन टाकलं. रिंग हलली नाही. गुरुवारी दोघं पुन्हा खाणीच्या रस्त्यावर गेले. पाचव्या वळणाअगोदर धाकट्याची पाचावर धारण बसली होती. वहिनीची नव्हती असं नाही. त्या वळणात तिने वेग निम्मा केला. पुढच्या फेरीत थोडा वाढवला. सातव्या फेरीला ती पूर्ण वेगाने गेली, आणि गाडी रुळावरून जावी तशी गेली.

घरी काय चाललं होतं, त्याला बाहेरूनच कळायचं. एक दिवस गॅरेजमध्ये वहिनीचे डोळे सुजलेले दिसले. रडून. एक दिवस दादाचा फोन आला आणि तो नुसताच "जेवलास का?" म्हणाला. धाकट्याने "हो" म्हटलं.

रविवारी तपासनिसाने बॅटरी लावली, बोट फिरवलं, रिंगांवर पान्याने दोनदा ठोकून बघितलं आणि कागदावर सही केली. दादा आला होता. येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. तो गाडीपाशी गेला, खिडकीवर हात ठेवला आणि वहिनीला म्हणाला, "मला भीती वाटते. खूप."

"मलाही," ती म्हणाली. "तिसऱ्या वळणाला उभा राहू नकोस. तू दिसलास तर माझं लक्ष जाईल."

धाकटा मात्र तिसऱ्या वळणाला गेला, दोरीमागे, चार माणसांच्या आड. तिची गाडी येण्याआधी आवाज आला, झाडांमागून चढत चढत. त्याने डोळे मिटायचे नाहीत असं ठरवलं होतं. गाडी वळणात शिरली. किंचित बसली, रस्ता धरून राहिली. चारी चाकं जमिनीवर. आणि गेली. काय झालं ते कळायच्या आत वरच्या वळणामागे तिचा आवाजही विरत चालला होता. तिने ब्रेक बराच आधी लावला होता, हे त्याच्या कानांनी टिपलं. लावू दे. शंभर वेळा लावू दे. तो दोरी घट्ट धरून वरच्या वळणाकडेच बघत राहिला आणि शेजारचा अनोळखी माणूस म्हणाला, "तुमच्या घरचं कुणी आहे का?"

"वहिनी," तो म्हणाला.

पहिल्या फेरीत ती चौदा जणांत अकरावी होती. दुसरीत आठवी. बक्षीस पाचव्यापर्यंतच होतं. खाली आल्यावर तिने हेल्मेट काढलं, घामाने केस चिकटलेले, आणि आधी दादाकडे गेली. तो गाड्या लावायच्या मैदानात डोंगराकडे पाठ करून बसला होता. ती त्याच्या शेजारी बसली. बराच वेळ दोघं काही बोलत होती. धाकटा लांब थांबला. ते त्याचं नव्हतं.

त्यानंतर वहिनीने गाडी दुसऱ्या कुणाकडे नेली नाही. पण काहीही करायचं झालं की ती आधी धाकट्याला विचारायची आणि मग म्हाताऱ्या दुकानदाराला फोन करून तेच विचारायची, धाकट्यासमोरच, लपवून नाही. कधी कधी उत्तरं जुळायची नाहीत. मग तिघांची चांगली तासभर वादावादी व्हायची आणि एकदा तर धाकटाच चुकीचा निघाला. त्याचं वाईट वाटत होतं का? वाटत होतं. पण आपल्या शब्दाला जामीन लागतो ही वेळ आपणच आणली, हे तो विसरला नाही. दादा शर्यतीला कधी यायचा, कधी नाही. आला नाही तर आदल्या दिवशी घरात कडाक्याचं भांडण झालेलं असायचं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. धाकट्याला ते ऐकून बरं वाटायचं.